पालथं पाकीट

कुंभकोणमच्या अक्कांविषयी मी आजवर पुष्कळ ठिकाणी बोललो आहे. ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर सांगली-पुणे एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांपाशी. ऐकणारे हसतात. हसण्यासारखंच आहे सगळं. पण सांगताना दर वेळी मी एकाच जागी थांबतो, घड्याळ बघतो किंवा पाणी मागतो. त्या जागेच्या पुढचं मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज सांगतो. आधी हसण्याचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी तेव्हा तांदूळ गिरण्यांना यंत्रं बसवून देणाऱ्या कंपनीत होतो. काळा, पिवळा, किडका दाणा ओळखून फुंकर मारून बाजूला उडवणारं यंत्र. कावेरीच्या त्या पट्ट्यात गिरण्या बक्कळ, म्हणून कंपनीनं मला कुंभकोणमला टाकलं. मुलीची दहावी जवळ आलेली, त्यामुळे ती आणि बायको सांगलीतच राहिल्या. एका गिरणीवाल्यानं सुचवलं, एका घरात वरचा पोर्शन रिकामा आहे, बाई तुमच्याच भाषेतली आहे, तुम्हाला घरच्यासारखं वाटेल.

दार अक्कांनीच उघडलं. मागं त्यांचा भाचा उभा होता, त्रिचीला नोकरी करणारा, सुट्टीला आलेला. अक्का म्हणाल्या, "यावें. बैसावें. जेवण जाहलें कां?"

मला वाटलं, बाई थट्टा करताहेत. मी म्हटलं, "हो, झालं की मघाशीच, बसस्टँडवर."

त्या भाच्याकडे वळून तमिळमध्ये काहीतरी बोलल्या. तो हसला. मी विचारलं, काय म्हणाल्या? तर म्हणे, "अत्या म्हणते, मराठीच आहे, पण पळती आहे."

मराठे तंजावरला आले तेव्हा त्यांच्याबरोबर खाली उतरलेलं ते घराणं. मराठी तेव्हाची तशीच घरात राहिली, तिच्यात तमिळ येऊन मिसळलं, आणि उंबऱ्याबाहेर पाय पडला की नुसतंच तमिळ. अक्का मुलींच्या शाळेत चित्रकला आणि हस्तकला शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. वय सत्तरीच्या आगंमागं. फुलवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही म्हणू लागलो. मला त्या 'राव' म्हणत. माझं आडनाव त्यांनी कधी विचारलं नाही.

पहिला गोंधळ कॅलेंडरवरून झाला. त्यांच्या भिंतीवर रोज एक पान फाडायचं जाडजूड कॅलेंडर होतं. ऑगस्टातली गोष्ट. सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला तारीख लिहायची होती, त्यानं भिंतीकडं पाहिलं आणि पावतीवर एक ऑक्टोबर लिहिलं. मी म्हटलं, "अहो, हे कॅलेंडर दोन महिने पुढं आहे." अक्का म्हणाल्या, "पुढें नाही. मधले दोन महिने आंत आहेत."

आत म्हणजे वहीत. काळ्या जाड पानांची, नाडीनं बांधलेली मोठी वही. दर महिन्याच्या वीस तारखेला त्या जेवण आटोपून जमिनीवर सतरंजी पसरत आणि पुढच्या महिन्याची दोन पानं करायला घेत. कॅलेंडरमधून पुढच्या महिन्याचे सगळे दिवस फाडून घ्यायचे, आकडे कातरून चिकटवायचे, फोटोंच्या जागा आखून चार-चार कोपरे बसवायचे. आणि खाली पांढऱ्या पेन्सिलीनं काय घडलं ते लिहायचं. घडायच्या आधी. भूतकाळात.

"१४. भाचा आला. रसवांगी केली. दोनदां घेतली."

चौदा तारखेला भाचा खरंच आला. वांग्याची ती दाट आमटी एकदा घेऊन त्यानं ताटावर हात आडवा धरला. अक्का पळी घेऊन उभ्याच.

"अत्ये, बस झालं. पोट भरलं."

"दोनदां लिहिलें आहे."

"मग खोड."

"तुझ्या एका पळीपायीं पान खराब करूं?"

त्यानं घेतली. मला हळूच म्हणाला, "एकदा हिनं लिहून ठेवलं होतं की मी केस कापून आलो. मी स्टेशनवरनं परत सलूनमध्ये गेलो."

तिरुनागेश्वरमला एका लग्नात तर त्यांनी बावीस माणसांना देवळाच्या पायऱ्यांवर दोन-दोनच्या ओळीत एकावर एक चढवलं. फोटोवाला म्हणत होता, एवढी माणसं आडवीच बसतील. अक्का म्हणाल्या, "माझी जागा उभी आहे." नवरदेवाचे आजोबा सगळ्यात वरच्या पायरीवर खांबाला धरून उभे आहेत, असा तो फोटो आहे. चेहरे तांदळाएवढे. पण बसला कोपऱ्यांत बरोबर.

लिहिल्यासारखं घडलं नाही तर त्या पान फाडत नसत. शब्दांवरून बारीक रेघ ओढायच्या आणि खाली लिहायच्या, "झालें नाही." मी एकदा म्हटलं, मग आधी लिहिताच कशाला? घडल्यावर लिहा. त्या म्हणाल्या, "महिना आयत्या वेळीं मांडूं नये, राव. मग तो आपणांस मांडतो. आणि झालें नाही, हेंही झालेंच कीं."

माझ्या मुलीच्या निकालाच्या आधीच्या महिन्यात मी वहीत वाचलं: "वरचे राव गांवाहून परतले. कन्येस गुण उत्तम." मी म्हटलं, निकाल अजून लागायचाय. त्यांनी तमिळमध्ये होकार दिला, "आमा, ठाऊक आहे. जागा ठेविली आहे." गुण बरे पडले. उत्तम नव्हेत, पण मी त्यांना उत्तमच सांगितले. माझ्या खोटेपणाची सुरुवात तिथली म्हणायला हरकत नाही.

वहीइतकंच मोठं दुसरं प्रकरण म्हणजे कार्डं. ओळखीच्या चाळीसेक घरांसाठी अक्का वाढदिवसाची, लग्न-बारशाची कार्डं हातानं करत. दारासुरमच्या विणकरांकडून रेशमाची कातरणं आणि जरीचे तुकडे येत. पुठ्ठा जुन्या लग्नपत्रिकांचा. त्या पत्रिकांवर गणपती, बालाजी असायचेच. ते कात्रीनं अलगद सोडवून त्या एका पिशवीत साठवत आणि पिशवी भरली की पिंपळाखाली ठेवून येत. चिकटवायला मैद्याची खळ, त्यात किडा लागू नये म्हणून मोरचुदाचा खडा. कार्डावर नक्षी शाईनं नाही काढायच्या. दारात रांगोळीचे ठिपके मांडतात तसे सुईनं मागून टोचून काढायच्या. बोट फिरवलं की नक्षी हाताला लागायची. भाच्यानं एकदा सांगून पाहिलं की आता सगळे मोबाइलवर पाठवतात. अक्का म्हणाल्या, "तें केलेलें नसतें रे. बोटानें पुढें ढकललेलें असतें."

हीसुद्धा आधीच करून ठेवलेली. सुताराकडून बनवून घेतलेली बारा खणांची पेटी होती, महिन्याला एक खण. शेजारच्या मुलीची बारावी होती तेव्हा तिची दोन कार्डं तयार होती, एक पास झाल्याचं आणि एक पुन्हा बसणार असल्याचं. दुसरं जास्त सुंदर होतं. मी तसं म्हटलं तर अक्का म्हणाल्या, "पास जाहलेलीस कार्ड कोण बघतें? नापास जाहली तर तीच चार वेळां उघडील."

आणि मग तिसरी जात. माणूस गेल्यावर त्याच्या घरी पाठवायची कार्डं. तीही आधी केलेली, माणसं चांगली हिंडतीफिरती असताना. मला हे कळलं तेव्हा मी हातातला कॉफीचा डबरा खाली ठेवला. अक्कांना त्यात वावगं काही वाटत नव्हतं. "गेल्यावर सारेच थोर होतात, राव. घाईघाईनें लिहिलेलें खोटें उतरतें. जितेपणीं जें बरें दिसतें तेवढेंच खरें. तें तेव्हांच लिहून ठेवावें."

"माझंही आहे?"

"आहे."

"दाखवा की."

"तुम्हीं वाचून काय करणार? तें तुमच्या बायकोसाठीं."

ती कार्डं त्या कशा ठेवत, ते नीट सांगायला हवं. मरणाला तारीख नसते. म्हणून ज्याचं त्याचं कार्ड त्याच्या वाढदिवसाच्या कार्डामागं, त्याच खणात. पाकिटं सारखीच, दोन्हींवर त्याच घराचं नाव, दोन्ही खळीनं बंद केलेली. फरक एकच. वाढदिवसाचं सुलटं, म्हणजे नाव आपल्याकडं. दुसरं पालथं, पाठ आपल्याकडं. शुभकार्याच्या पाकिटाच्या चार कोपऱ्यांना हळद लावतात, तशी त्याही लावत, पण पाकीट घराबाहेर पडायच्या दिवशीच. आधी लावली तर हळद फिकी पडते म्हणत. त्यामुळे पेटीत असताना सगळी पाकिटं बिनहळदीचीच.

माझी गोष्ट मी इथवर सांगतो. माझंही कार्ड आहे, तें बायकोसाठीं, हे वाक्य टाकलं की लोक खूप हसतात आणि मी पाणी मागतो.

दुसऱ्या वर्षी अक्कांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्रिचीला, भाच्याकडे राहून. पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांत पाच कार्डं जायची होती. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला पेटी दाखवली, हळदीची डबी दाखवली, तारखांची चिठ्ठी दिली. "सुलटें असेल तें घ्यायचें. चार कोपऱ्यांस हळद. पालथ्यास हात लावूं नका."

"सरी, अक्का," मी तमिळमध्ये 'बरं' म्हटलं. मोबाइलवर एका गिरणीवाल्याचे मेसेज येत होते, त्यांना मी मान खाली घालूनच उत्तर देत होतो.

त्या गेल्यावर रोज खालचं कुलूप कोण उघडणार म्हणून मी पेटीच वर न्यायला निघालो. तिसऱ्या पायरीवर चपलेचा अंगठा अडकला. पडलो नाही, पेटी कलंडली. चार-पाच खणांतली पाकिटं जिन्यावर सांडली. महिन्यांची ओळख पाकिटामागच्या पेन्सिलीच्या आकड्यावरून होत होती, तेव्हा खण बरोबर लावले. आणि लावताना प्रत्येक पाकीट सुलटं करून लावलं. सगळी नावं समोर, एका उंचीची, कडेला कड. मी नीटनेटका माणूस आहे. अक्का माझी तेवढ्यासाठीच तारीफ करत. पालथ्याचं तेव्हा आठवलं नाही, हे खरं आहे. यानंतर मात्र 'आठवलं नाही' असं मला कुठंच म्हणता येणार नाही.

पहिली तीन कार्डं लग्न-बारशाची होती, खणात एकेकटीच, ती बिनचूक गेली. चौथं कार्ड गोविंदपुरमला जायचं होतं. तिथं एक म्हातारे भजनी गृहस्थ होते, अक्कांच्या लहानपणापासूनच्या ओळखीचे, त्या त्यांना मामा म्हणत. दर एकादशीला अक्का त्यांच्या घरच्या भजनाला जात. महिन्यातून दोनदा त्यांचं गाव सोडून कुठं जाणं असेल तर ते हेच. गृहस्थांना ऐंशी पूर्ण होत होती, सहस्रचंद्रदर्शनाचा थाट होता. खणात त्यांच्या नावाची दोन पाकिटं मला दिसली. दोन का, अशी शंका आली. फोन करता आला असता. डोळ्याला पट्टी आहे, कशाला त्रास द्यायचा, असं मी मनाशी म्हटलं. खरं तर पलीकडच्या गिरणीत साडेनऊला पोचायचं होतं. पुढचं पाकीट उचललं, चार कोपऱ्यांना हळद लावली, जाताजाता मांडवात त्यांच्या सुनेच्या हातात दिलं. त्यांनी पायसम दिलं. मी दोनदा घेतलं.

अक्का परतल्या, हिरवी पट्टी डोळ्यावर. तिसऱ्या दिवशी सकाळी गोविंदपुरमची ती सून आली. आत आली नाही. उंबऱ्यावर पाकीट ठेवलं. मी जिन्यात, हेल्मेट हातात, निघण्याच्या बेतात होतो.

"मामंजी अजून जेवताहेत, अक्का. भजनास बसताहेत. हें कोणासाठीं पाठविलांत?"

अक्कांनी वाकून कार्ड बाहेर काढलं, उघड्या डोळ्याजवळ नेलं. त्यावर काय होतं ते मी नंतर वाचलं. "मामा गेले. भजनास उशिरा येणारांवर ते कधीं रागें भरले नाहीत. ताल न सोडतां सरकून जागा करून देत." एवढंच होतं.

"आणि वर हळद लावून," सून म्हणाली. "मांडवांत, साऱ्यांपुढें उघडलें. मामंजी म्हणाले, खरेंच लिहिलें आहे, ठेवा. आम्हीं कसें ठेवावें? आतां एकादशीस येऊं नका. घरांत लेंकरें आहेत."

ती गेली. अक्कांनी पट्टी वर सरकवली, कोपऱ्याची हळद नखानं खरवडून हुंगली. मग माझ्याकडे पाहिलं. आवाज चढला नव्हता.

"राव, पाकीट सुलटें होतें कीं पालथें?"

मला सगळं एकदम कळलं होतं. जिना, सांडलेली पाकिटं, माझे नीटनेटके हात. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी म्हटलं, "सुलटं होतं, अक्का."

हे खोटं नव्हतं. मी उचललं तेव्हा ते सुलटंच होतं. त्या वाक्याच्या खरेपणावर मी पुष्कळ दिवस काढले.

भीती कशाची होती, असं मी स्वतःला नंतर विचारलं आहे. मोठं काही कारण सापडत नाही. त्यांनी मला घराबाहेर काढलं नसतं. फार तर चार दिवस अबोला धरला असता. मी नीटनेटका आहे हे त्यांचं मत मला मोडायचं नव्हतं, इतकंच. आणि उशीर होत होता.

अक्का म्हणाल्या, "मग मींच सुलटें ठेविलें." आणि पाकीट घेऊन आत गेल्या.

त्या दुपारपासून त्यांनी पेटीतली उरलेली पालथी पाकिटं फाडायला काढली. म्हणजे मी लावलेल्या खणांतली आता सुलटीच होती, तेव्हा ती एकेक उजेडाला धरून ओळखावी लागली. आणि चार-पाच खणांतली सगळीच सुलटी पाहून त्यांची खात्रीच पटली की आपण फक्त एकच नाही, निम्मी पेटी चुकीची लावली होती. एकेक करून तीन दुपारी फाडत होत्या. वाईट बातमीचं पत्र वाचून फाडतात, तसं. वर मला ऐकू यायचं. त्यात माझंही असणार.

वीस तारीख आली. सतरंजी पसरली गेली नाही. पुढच्या वीसलाही नाही. एका सकाळी मी सहज भिंतीकडं पाहिलं, तर कॅलेंडरवर त्या दिवशीची तारीख होती. मधले फाडलेले महिने संपून गेले होते आणि आता घरात इतर सगळ्या घरांसारखं रोज एक पान फाटत होतं.

त्यांचा स्वतःवरचा भरवसा गेला. गॅस बंद केला की नाही ते तीनदा बघायच्या. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायच्या. जिन्याखालून मला हाक मारायच्या, "राव, मीं आज दूध तापविलें कां, पाहिलेंत?" त्यांनी तापवलेलंच असायचं. भाचा काळजीत पडला. एका रविवारी मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, तुम्ही रोज बघता. अत्या विसरते का? डॉक्टरला काय सांगू?"

ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी मला विचार करायला सवड नव्हती असं म्हणता येईल. या वेळी आम्ही गच्चीत उभे होतो आणि मला कुठंही जायचं नव्हतं.

मी म्हटलं, "हल्ली थोडं होतं."

डॉक्टरकडे त्यांना माझ्याच स्कूटरवरून नेलं. दोन महिन्यांनी खालचं घर बंद झालं आणि अक्का त्रिचीला भाच्याकडे गेल्या. सामान उतरवायला मी मदत केली. काळ्या वह्या सात होत्या. पेटी रिकामी होती, ती मी उचलली. भाचा म्हणाला, "सर, तुमच्यासारखा भाडेकरू मिळाला हे नशीब." मी शेवटचे सहा महिने एका लॉजवर काढले आणि बदली मागून घेतली.

त्यानंतर चार वर्षांनी मी अक्कांना भेटलो. मुद्दाम गेलो असं नाही. कंपनीच्या कामानं त्रिचीला गेलो होतो, दुपार मोकळी मिळाली. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. भाचा कामावर, त्याची बायको स्वयंपाकघरात, अक्का खिडकीशी खुर्चीत बसून शेवग्याचा पाला खुडत होत्या. चेहरा ओळखायच्या आधी त्यांनी पाऊल ओळखलं.

"राव. यावें. कन्या आतां नोकरीस लागली असेल. दहावीस गुण तुम्ही सांगितलेत तेवढे नव्हते, ठाऊक आहे मज. तुमच्या बायकोनें फोनवर सांगितलें होतें."

एवढी वर्षं झाली, माझ्या मुलीचे गुण त्यांच्या लक्षात होते. मला बसवेना. मी उभ्यानंच म्हटलं, "अक्का, ते पाकीट. गोविंदपुरमचं."

हात थांबला. मी सगळं सांगितलं. पेटी कलंडली, मी सगळी सुलटी केली, तुम्ही पालथंच ठेवलं होतं, तुमच्या हातून काही चुकलं नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मला ठाऊक होतं. भाच्यानं विचारलं तेव्हाही ठाऊक होतं. त्यांनी मला बोलू दिलं, मध्ये अडवलं नाही.

"पेटी सांडली ती कोठें?"

"जिन्यात. तिसऱ्या पायरीवर."

"किती खण?"

"चार-पाच."

मान हलवली. मनाशी काही जुळवत असाव्यात. मी शिव्यांची वाट बघत होतो, त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हें खरें असेल, राव, तर मीं घर उगीच सोडलें."

मी खाली सांडलेली पाल्याची पानं उचलून कडेला ठेवली.

"भाच्यास सांगितलेंत?"

"नाही. आज संध्याकाळी सांगतो. मी स्वतः सांगतो."

"नको." पाल्याची काडी त्यांनी बाजूला ठेवली. "त्यानें मज ही खोली दिली. त्याचीं मुलें बैठकींत निजतात, चार वर्षें. त्यांस जाऊन काय सांगाल? उगीच निजलींत म्हणून?"

"पण तुम्हाला काही झालेलं नाही, अक्का. तुम्ही विसरत नाही."

"मज विसर पडतो. असें ठरलें आहे. तें आतां मोडूं नका." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तुम्हांस सांगायचें होतें, तुम्हीं सांगितलेंत. तुमचें काम जाहलें. आतां बैसा, कॉफी येईल."

मी बसलो. भाच्याची बायको कॉफीबरोबर एका वाटीत गोळी घेऊन आली. "अत्यांची आठवणीची गोळी," ती मला हसून म्हणाली. "रोज मी दिली तरच घेतात. नाहीतर ही गोळीच विसरतात."

अक्कांनी हात पुढं केला, गोळी जिभेवर ठेवली आणि थांबल्या. पाण्याचा पेला माझ्या बाजूला होता.

मी तो उचलून त्यांना दिला.